गाडी विकण्याआधी भाड्याची चिठ्ठी बदल

जांबोटी भागातल्या एका तरुणाने विचारले आहे: "काका, पिकअप कर्जावर घेतली. बेळगावच्या भाजी मार्केटमधून म्हापशाला भाजी नेतो. जाऊन-येऊन २२० किलोमीटर, महिन्याला वीस-बावीस खेपा. भाडे ठरले २०२४ च्या उन्हाळ्यात, ते अजून तेच आहे. डिझेल वाढतच चाललंय. व्यापाऱ्याला बोललो तर म्हणतो, सगळेजण जुन्याच भाड्यात जायलेत, तूच कसा वाढवून मागायलास? सरकार तर काहीच करत नाही. हप्ता भरून हातात काही उरत नाही. गाडी विकू काय?"

विकायची की नाही ते शेवटी बघू. आधी डिझेलने तुझे नेमके किती नेले ते काढू, कारण तुझ्या प्रश्नात चीड भरपूर आहे आणि आकडे दोनच, किलोमीटरचा आणि खेपांचा.

तुझी गाडी जाताना भरलेली चोर्ला घाट उतरते आणि परतीला रिकामी चढते. सरासरी ११ चे मायलेज धरतो. म्हणजे खेपेला २० लिटर. तुझे भाडे ठरल्यानंतर कर्नाटक सरकारने डिझेलवरचा विक्रीकर दोनदा वाढवला. १५ जून २०२४ ला १४.३४ टक्क्यांवरून १८.४४ टक्के, त्यात लिटरमागे साधारण तीन रुपये चढले. मग १ एप्रिल २०२५ ला २१.१७ टक्के, त्यात आणखी दोन. मिळून पाच. वीस लिटरला १०० रुपये. महिन्याला दोन हजार ते बावीसशे.

घरात आईच्या किंवा बायकोच्या खात्यावर गृहलक्ष्मीचे २,००० येत असतील तर हा आकडा ओळखीचा वाटेल. त्या योजनेबद्दल माझी तक्रार नाही. बाईच्या हातात स्वतःचा पैसा येणे चांगलेच. पण राज्याने जेवढे दिले तेवढेच तुझ्या टाकीतून परत गेले, हेही खरे. ज्याच्याकडे गाडी नाही त्याचे ते भाजीच्या दरातून थोडे थोडे जाते आणि त्याला पत्ताही लागत नाही.

आता हेच १०० रुपये मालाच्या बाजूने बघ. तू दीड टन माल नेतोस. १०० भागिले १,५०० किलो, म्हणजे किलोला सात पैसेसुद्धा होत नाहीत. पन्नास किलोच्या बटाट्याच्या पोत्याला सव्वातीन-साडेतीन रुपये. म्हापशाच्या बाजारात वांगी किलोला पाच रुपयांनी चढली की दुकानदार म्हणतो डिझेल वाढलंय. त्या पाच रुपयांत तुझ्या डिझेलचे सात पैसे आहेत, आणि तेही तुला मिळालेले नाहीत. तू स्वतःच्या खिशातून भरलेस.

माझे म्हणणे एवढेच आहे. डिझेलची वाढ अन्यायाची आहे, पण तुला बुडवते आहे ती डिझेलची वाढ नव्हे, न वाढलेले भाडे. वाढ पुढे सरकवायची सोय तुझ्या व्यवहारात नाही. किराणा दुकानदाराकडे आहे, हॉटेलवाल्याकडे आहे, एसटीकडेसुद्धा आहे: कर्नाटकच्या बसचे तिकीट ५ जानेवारी २०२५ पासून १५ टक्क्यांनी वाढले, महाराष्ट्राच्या एसटीने त्याच महिन्यात जवळपास तेवढेच वाढवले. साखळीत मध्येच एक माणूस असा आहे की तो दर वाढला की गप्प बसतो. तो पिकअपवाला.

व्यापाऱ्याशी बोलायचे कसे, इथे बहुतेकांचे चुकते. आपली पोरे तोंडी जातात, सकाळी माल भरायच्या घाईत, आणि म्हणतात "शेठ, परवडत नाही, दोनशे वाढवा." दोनशेच का? सांगता येत नाही. शेठ पन्नासवर आणतो, सहा महिन्यांनी पुन्हा तीच कटकट. परवडत नाही हे वाक्य बाजारात रोज सकाळी प्रत्येकजण म्हणतो, शेठही म्हणतो. त्याच्यापुढे कागद ठेव. मी माझ्या गिऱ्हाइकांना जी चिठ्ठी देतो तिच्यात चारच ओळी असतात:

"आजचा बेळगावचा डिझेल दर अमुक. या दराला बेळगाव–म्हापसा खेपेचे भाडे तमुक. डिझेल २ रुपयांनी वर गेले तर खेपेला ४० रुपये जास्त, २ रुपयांनी खाली आले तर ४० रुपये कमी. दर महिन्याच्या १ तारखेचा पंपावरचा दर धरायचा."

खाली दोघांची सही. "खाली आले तर कमी" ही ओळ गाळू नकोस. तिच्यामुळेच शेठ सही करतो. आणि डिझेल खाली येतच नाही असे नाही. मे २०२२ मध्ये केंद्राने अबकारी कर कमी केला तेव्हा डिझेलवर सहा रुपये उतरले, मार्च २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी दोन उतरवले. अशा वेळी तू न मागता बिलातून ४० रुपये कापून दाखवलेस की पुढच्या वाढीला तो माणूस तोंड उघडत नाही. एकदा कापून बघ, मग मला सांग.

दर रोजचा का धरायचा नाही? कागदोपत्री १६ जून २०१७ पासून पेट्रोल-डिझेलचे भाव रोज सकाळी सहाला बदलतात. प्रत्यक्षात ते कधी बदलतात हे बघायचे असेल तर निवडणुकीचे कॅलेंडर जवळ ठेव. आपल्याच राज्यात २०१८ च्या विधानसभेच्या मतदानाआधी १९ दिवस भाव जागचा हलला नाही. १२ मे ला मतदान झाले आणि १४ तारखेपासून वाढ सुरू. उत्तर प्रदेशच्या वेळी तर नोव्हेंबर २०२१ पासून साडेचार महिने शांतता, आणि मग २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या सोळा दिवसांत चौदा वेळा मिळून लिटरमागे दहा रुपये. त्या पंधरवड्यात ज्यांचे भाडे तोंडी ठरलेले होते त्यांची काय गत झाली ते आमच्या स्टँडवर विचार. महिन्याचा दर धरला की रोजची घासाघीस नको आणि असा झटका आला तरी जास्तीत जास्त एका महिन्याचे नुकसान.

एक फरक मात्र ध्यानात ठेव. म्हापशाची खेप गोव्याला माल पाठवणारा व्यापारी देतो, तिथे चिठ्ठीवर अडून बस. पण तू गावातून मार्केटला माल आणतोस तेव्हाचे भाडे अडत्या शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून कापतो: हमाली, तोलाई, गाडीभाडे, आणि उरले ते त्याचे. तिथे भाडे चढवलेस की ते थेट उचगाव-बेळगुंदीच्या रताळीवाल्याच्या पट्टीतून जाते, आणि त्याचा नांगरट करणारा ट्रॅक्टरही डिझेलवरच चालतो. तिथे वाढ मागूच नको असे म्हणत नाही, पण दोन-तीन शेतकऱ्यांचा माल एकत्र भरून गाडी पूर्ण कर आणि पोत्यामागचे भाडे आहे तेच ठेव. अर्धी गाडी पूर्ण दरात नेणे हे दोघांच्याही नुकसानीचे.

"सगळेजण जुन्याच भाड्यात जायलेत" याचे उत्तर एकट्याकडे नसते. गोव्याच्या लाइनीवर जाणारे आठ-दहाजण एका सकाळी चहाला बसा आणि चिठ्ठीचा मसुदा एकच ठेवा. भाडे ज्याचे त्याचे वेगळे असू दे, पण दोन रुपयांना चाळीस हे सूत्र सगळ्यांचे सारखे हवे. एखादा फुटेल. फुटू दे. रडतखडत गाडी चालवणारा टायर बदलायच्या वेळी आपोआप बाजूला होतो.

आता गाडीतले डिझेल. संध्याकाळी पाचशेचे, सकाळी हजाराचे असे टाकत राहिलास तर मायलेज कधीच कळणार नाही. टाकी फुल कर, किलोमीटर लिही, पुढच्या वेळी पुन्हा फुल कर, भागाकार कर. चार-पाच वेळा केलेस की गाडीची चाल कळते. अकराचे दहा झाले तर खेपेला दोन लिटर वाढले, म्हणजे नव्वदच्या भावाने १८० रुपये. सरकारच्या दोन्ही वाढी मिळून १०० होत्या. चाकातली हवा, तुंबलेला एअर फिल्टर आणि चढाला क्लचवर ठेवलेला पाय, या तिघांनी १८० कधी नेले ते कळत नाही आणि त्यांच्याविरुद्ध मोर्चाही काढता येत नाही.

चोर्ल्याच्या उताराला गाडी न्यूट्रल करून सोडणारे मी रोज बघतो. डिझेल वाचते म्हणतात. आताच्या कॉमन रेल इंजिनात गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला डिझेल जायचेच बंद होते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडे थोडे जातच राहते. वाचत काही नाही, ब्रेक मात्र तापतात, आणि तुझ्या मागे दीड टन भाजी असते.

पंप कुठला? गोव्यात डिझेल आता आपल्यापेक्षा थोडे स्वस्त पडते, आणि तू तिकडे रोज जातोसच, तेव्हा टाकी तिकडे फुल करणे शहाणपणाचे. त्यासाठी वाकडी वाट करू नको, एवढेच. महामार्गावरच्या गाडीवाल्यांची गंमत वेगळी आहे. कोल्हापूरकडच्या गाड्या मुद्दाम हद्द ओलांडून कोगनोळीच्या बाजूला टाकी भरायला यायच्या, "महाराष्ट्रापेक्षा स्वस्त" असे फलक लावून पंप चालायचे. राज्याच्या दोन वाढींनंतर डिझेलमधला तो फरक जवळपास संपला. त्या पंपांवर पोट असणाऱ्या पोरांचे काय झाले याबद्दल दोन्ही बाजूंच्या मंत्र्यांपैकी कोणी बोलल्याचे ऐकले नाही.

परतीचा माल मिळाला तर सोने. नारळ, रिकामे क्रेट, एखाद्या दुकानाचे सामान, जे मिळेल ते. अर्ध्या भाड्यात आणलेस तरी परतीचे डिझेल निघते. फक्त "एक छोटे पार्सल आहे, कणकुंबी पार केलीस की झाले" असे कोणी म्हणाला तर ऐकू नकोस. गोव्याची बाटली तपासणी नाक्यावर सापडली की गाडी जप्त होते आणि बँकेचा हप्ता चालूच राहतो.

उधारीबद्दल तू काही लिहिले नाहीस, म्हणून विचारतो: शेठ भाडे कधी देतो? पंधरवड्याने देत असेल तर बावीस खेपांपैकी निम्म्या खेपांपर्यंतचे डिझेल तुझ्या पैशाने चालले आहे. तो पैसा तू हातउसना किंवा सावकारी व्याजाने आणत असशील तर तिथेच तुझ्या डिझेलवाढीहून मोठे भोक आहे. चिठ्ठीत पाचवी ओळ घाल: डिझेलचे पैसे माल भरतानाच रोख, उरलेले भाडे आठवड्याला. बरेच व्यापारी याला तयार होतात, कारण ही रक्कम लहान असते.

सरकारचे बोलू. काहीच करत नाही म्हणालास, पण माझा राग उलटा आहे: दोघेही बरेच काही करतात, फक्त एकाच दिशेने. एप्रिल २०२५ चा पहिला आठवडा आठव. १ तारखेला राज्याने दोन रुपये वाढवले. ८ तारखेपासून केंद्राने अबकारी कर दोन रुपयांनी वाढवला. कच्चे तेल उतरले होते म्हणून ते दोन रुपये पंपावर दिसले नाहीत. उतरलेल्या तेलाचा फायदा तुझ्यापर्यंत पोचायच्या आधी वाटेतच जिरला. त्या वाढीनंतर केंद्राचा कर लिटरमागे १७ रुपये ८० पैसे झाला. त्यातला राज्यांशी वाटून घ्यावा लागणारा मूळ अबकारी कर १ रुपया ८० पैसे. बाकी सगळे सेस आणि विशेष कर, त्यात राज्याला वाटा नाही. मग राज्य म्हणते आम्हाला केंद्र देत नाही, म्हणून आम्ही लावतो. आणि राज्याचा कर टक्क्यांत आहे, तोही केंद्राचा कर मिळवून झालेल्या किमतीवर. म्हणजे तेल महागले की राज्याने बोटही न हलवता त्याचे उत्पन्न वाढते. मूळ किंमत पाच रुपयांनी चढली की राज्याला आणखी रुपयाभर. केंद्राचा कर ठोक आहे, तेल कितीही उतरले तरी तो तेवढाच राहतो. २०२० मध्ये कोरोनात तेल कोसळले तेव्हा मार्च आणि मे मिळून डिझेलवर तब्बल १६ रुपये चढवले होते. ते नंतर उतरले, पण उतरवायला दीड-दोन वर्षे लागली.

जीएसटीत आणा ही मागणी सोपी वाटते. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या जीएसटी परिषदेत विषय निघाला, आणि ही वेळ नव्हे म्हणून बाजूला ठेवला. परिषदेत सगळ्या पक्षांची सरकारे बसतात. यावर त्यांचे एकमत होते, एवढे लक्षात ठेव.

म्हणून "इंधन दरवाढ मागे घ्या" असे निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जाणे, फोटो काढणे, चन्नम्मा चौकात घोषणा देणे, हे मी वर्षानुवर्षे बघतोय. जिल्हाधिकाऱ्याच्या हातात यातले काही नाही. तो कागद पुढे पाठवतो. ज्याच्या हातात आहे त्याला नेमके मागा. राज्याकडे मागायचे ते एवढेच: डिझेलवरचा विक्रीकर २१.१७ वरून पुन्हा १८.४४ करा. हा कर राज्य सरकार अधिसूचना काढून बदलते, वाढवताना तसाच वाढवला. आणि हे सरकार दर हिवाळ्यात अधिवेशनासाठी आपल्या दारात, सुवर्ण विधानसौधात येऊन बसते. तेव्हा आमदाराकडून हा एकच प्रश्न विचारून घ्या. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने कपात केल्याबरोबर याच राज्यात तेव्हाच्या सरकारने सात रुपये उतरवले होते, म्हणजे मनात आणले तर होते. खासदाराकडे मागायचे ते केंद्राचा सेस कमी करण्याचे. दोन कागद वेगळे ठेवा, नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे.

एक गोष्ट काहींना रुचणार नाही, तरी सांगतो. विक्रीकराचे निवेदन मराठीबरोबर कन्नडमध्येही द्या. मराठीत कागदपत्रे मिळण्याचा आपला लढा वेगळा आहे, तो सोडायचा नाही. पण डिझेल सौंदत्तीच्या लॉरीवाल्यालाही तेवढेच महाग पडते, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्यातल्या लॉरीमालकांनी संप केला त्यातली एक मोठी मागणी हीच डिझेलवाढ मागे घेण्याची होती. त्यांच्या संघटनेच्या सह्यांसोबत आपल्या सह्या गेल्या तर वजन पडते. सीमेवरचा ताण गाडीवाल्याला काय महाग पडतो ते तुला माहीतच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, फेब्रुवारी २०२५ मध्ये बसच्या वादावरून दोन्हीकडच्या एसटी थांबल्या. अशा दिवशी मालक गाडी काढत नाही. बुडालेल्या एका खेपेचा तोटा भरून काढायला डिझेलचे खेपेमागचे १०० रुपये कितीदा वाचवावे लागतील, मांडून बघ.

सीएनजीचे विचारशील म्हणून एवढेच: शहरात फिरणाऱ्या छोट्या गाडीला परवडते, तुझी लाइन घाटाची आणि वाटेत पंप कमी, आता घाई करू नको.

राहिला विकण्याचा प्रश्न. चिठ्ठी लागू करून तीन महिने चालव आणि रोज लिही. महिन्याच्या भाड्यातून डिझेल, हप्ता, टायर-सर्व्हिसिंगसाठी बाजूला काढलेले, विमा आणि टॅक्सचा बारावा भाग, एवढे वजा कर. उरले ते तुझा पगार. मार्केटमध्ये दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून गेलास तर जे मिळते त्यापेक्षा ते कमी असेल तर गाडी वीक, आणि टायर चांगले आहेत तोवर वीक, दर बरा येतो. जास्त असेल तर गाडीचा दोष नाही. तीन महिन्यांची वही झाली की आकडे मला पाठव. भाडे आधी किती होते तेही लिही, ते तू या वेळी लिहिलेच नाहीस.